घर एक, दुकानं सात



दिवाळीत वहीपूजन झालं की पाडव्यानंतर एक दुपार मी घरखर्चाच्या वहीसाठी राखून ठेवते. ह्यांच्या मार्केट यार्डातल्या दुकानाचा हिशेब वेगळा, तो आता कॉम्प्युटरवर असतो. घराची वही मात्र अजून माझ्या हातची. १९८२ साली नगरला बी.कॉम. झाले, पुढच्याच वर्षी लग्न होऊन स्वारगेटला आले, आणि त्या पदवीचा जो काही उपयोग झाला तो ह्या वहीतच. किराणा, दूध, लाईट, औषधं, दान-धर्म, पाहुणे अशी खाती वर्षानुवर्षं ठरलेली आहेत. यंदा वीर संवत २५५२ च्या नव्या वहीत एक नवीन खातं काढावं लागलं. नाव काय द्यावं ते सुचेना, शेवटी "टीव्ही" असंच लिहिलं.

आजवर टीव्हीला स्वतंत्र खातं लागलंच नव्हतं. केबलचे पैसे "किरकोळ"मध्ये जायचे. पण यंदा बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट मुलाने छापून दिलं आणि मी पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा एकेक आकडा डोळ्यांत भरायला लागला. १४९, ४९९, १४९९. चपलेच्या दुकानातल्या किमतींसारखे सगळे नऊने संपणारे. एकेक बघितला तर काहीच नाही. वर्षाची बेरीज केली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा केली.

मांडते, म्हणजे तुम्हालाही तुमचं मांडता येईल. नेटफ्लिक्स महिना ४९९, वर्षाचे ५,९८८. ॲमेझॉन प्राईम वर्षाचे १,४९९. जिओहॉटस्टार १,४९९. मराठी मालिकांसाठी आणखी दोन ॲप, सवलतीत घेतलेली, दोन्ही मिळून १,८००. नातवासाठी एक कार्टूनचं ॲप, महिना १४९ प्रमाणे १,७८८ (त्याची गोष्ट पुढे सांगते, ती ऐकण्यासारखी आहे). डिशचं रिचार्ज महिना ४१०, म्हणजे ४,९२०. वर्षात चार सिनेमे "भाड्याने" बघितले, त्याचे ५९६. एकूण १८,०९०.

एवढ्यावर मुलगा म्हणाला, झालं तुझं? मी म्हटलं, कुठे झालं, इंटरनेट राहिलं की. ब्रॉडबँड ९९९ अधिक अठरा टक्के जीएसटी, वर्षाचे १४,१४६. तो म्हणतो ते माझ्या ऑफिसच्या कामासाठी आहे, ते टीव्हीच्या नावावर कसं टाकतेस? बरोबर आहे त्याचं. पण संध्याकाळी सातनंतर त्या वायरीतून ऑफिस येत नाही, सिनेमेच येतात. कॉस्टिंगच्या पेपरात आम्हाला संयुक्त खर्चाची वाटणी शिकवली होती, तसा मी एक तृतीयांश भाग टीव्हीकडे टाकला, ४,७१५. बेरीज २२,८०५. महिन्याला एकोणीसशे रुपये, आणि टीव्हीची किंमत ह्यात नाहीच.

हे वाचून कुणी म्हणेल, काकू, परवडतं ना तुम्हाला, मग कशाला कुरकुर. परवडतं. पण परवडणं आणि कळणं ह्या दोन गोष्टी आहेत. ज्या खर्चाची मला वर्षभर बेरीजच माहीत नव्हती, तो माझ्या घरात मी केलेला खर्च नव्हे, तो झालेला खर्च.

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात काळापांढरा टीव्ही होता, त्याच्या परवान्याचे पैसे सासरे पोस्टात भरत असत. हो, टीव्ही ठेवायला तेव्हा परवाना लागायचा, आताच्या सुनांना खरं वाटत नाही. वाहिनी एक, दूरदर्शन. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या वाड्यातली निम्मी माणसं आमच्या दिवाणखान्यात असायची आणि मी चहा गाळत असायचे. त्या दिवसांचे गोडवे मी फार गाणार नाही, कारण चहा मलाच करावा लागायचा. मग केबल आली. केबलवाला मुलगा दर महिन्याच्या पाच तारखेला वही घेऊन दारात उभा. पैसे वाढवले की मी त्याच्याशी भांडायचे, तो म्हणायचा, "भाभी, वरूनच वाढलेत." चित्र बिघडलं की त्याच्या नावाने हाका मारायच्या, आणि पावसात गच्चीवर चढून तो वायर जोडून द्यायचा. भांडायला समोर माणूस होता, हे मला आता मोठं सुख वाटतं.

२०१३ मध्ये पुण्यात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने नवा नियम आणला, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणींना आठवत असेल. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर ज्या पैशांच्या वाहिन्या हव्या त्या निवडून घ्यायच्या, प्रत्येकीची किंमत छापलेली. मला तो नियम फार आवडला होता. मंडईत जाऊन अर्धा किलो वांगी, पाव किलो दोडका घ्यावा तशी मी यादी केली होती. बऱ्याच घरांचं बिल त्याने कमी झालं नाही, आमचंही नाही; वाहिन्यांनी आवडत्या गोष्टी महाग केल्या आणि गठ्ठा स्वस्त ठेवला, त्यामुळे आपण पुन्हा गठ्ठ्यावरच आलो. तरी तत्त्व चोख होतं. दर छापलेला, माल निवडता येतो, नको तो परत.

ॲपच्या बाबतीत उलटं आहे. ट्रायचा हा दराचा नियम ॲपना लागू नाही. प्रत्येक कंपनीने आपला माल आपल्याच दुकानात ठेवायचा ठरवलं आहे. पूर्वी केबलवाला म्हणजे किराणा दुकानदार होता, सगळ्या कंपन्यांचा साबण त्याच्याकडे मिळायचा. आता साबण एका दुकानात, साखर दुसऱ्या, आणि प्रत्येक दुकानात शिरायलाच पास लागतो, मग आत तुम्ही काही घ्या किंवा न घ्या.

आपल्या मराठीचंच बघा. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर. स्टार प्रवाहच्या हॉटस्टारवर. कलर्स मराठीच्या आधी जिओसिनेमावर होत्या. सोनी मराठीची हास्यजत्रा सोनी लिव्हवर. केबलवर ही चारही बटणं शेजारी शेजारी होती. मोबाईलवर मात्र चार वाहिन्यांना चार दरवाजे. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले म्हणून आता तीन. एवढ्याशा आपल्या भाषेला तीन पास लागतात. हिंदी-इंग्रजी बघणाऱ्याला निदान एका दुकानात महिनाभर पुरेल एवढा माल असतो. आपल्या मालिका, नाटकं, सिनेमे आधीच थोडे, आणि तेही वाटून टाकलेले. "बाईपण भारी देवा" २०२३ च्या जूनमध्ये आला तेव्हा आम्ही मंडळाच्या चौदा जणी थिएटरात गेलो होतो. सासूबाईंना गुडघ्यांमुळे येता आलं नाही. घरी दाखवू म्हटलं, तर दोन महिन्यांनी तो हॉटस्टारवर आला आणि आमच्याकडे त्या वेळी बाकीची दोन होती, हॉटस्टार नव्हतं. एका सिनेमासाठी घेतलं, ते राहिलंच.

क्रिकेटवाल्यांची गंमत तर आणखी. आमचे हे आयपीएलचे भक्त. २०२२ पर्यंत मोबाईलवर आयपीएल बघायला हॉटस्टार लागायचं. २०२३ ला ते हक्क जिओसिनेमाकडे गेले आणि तिथे चक्क फुकट दाखवलं. हे खूश, म्हणाले बघ, उगाच पैशांचं पैशांचं करतेस. दोन वर्षं फुकटची सवय लागली, मग दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि २०२५ ला पास काढा म्हणाल्या. मार्केट यार्डात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला नको होतं का? नवीन गिऱ्हाईकाला पहिली गोणी पडत्या भावात कोण देतो आणि का, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी एवढंच म्हटलं आणि ह्यांनी पेपर वर धरला.

प्राईमचं तसंच. २०१६ ला भारतात आलं तेव्हा वर्षाचे ४९९ होते. मग ९९९. २०२१ च्या डिसेंबरपासून १,४९९. आणि २०२५ च्या जून महिन्यापासून त्या १,४९९ मध्येही जाहिराती सुरू झाल्या. नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ भरा. एवढ्या मोठ्या दुकानाला हे शोभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जाहिरात बघायची तर ती आम्ही डिशवर बघतोच की!

आता कार्टूनच्या ॲपची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही. नातू तापाने पडला होता तेव्हा सात दिवसांसाठी एक रुपयात घेतलं होतं. ताप तीन दिवसांत गेला, ॲप चौदा महिने राहिलं. महिन्याला १४९ यूपीआयच्या ऑटोपेने आपोआप जात होते. म्हणजे सगळे मिळून २,०८६ रुपये, आणि त्यातले शेवटचे बारा महिने तर नातवाने ते उघडलंही नव्हतं. पैसे जाण्याआधी चोवीस तास सूचना द्यायची हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०२१ च्या ऑक्टोबरपासून. सूचना येतही होती, पण दिवसाला चाळीस मेसेज येणाऱ्या फोनवर. आणि पंधरा हजारांपर्यंतच्या अशा ठरलेल्या वजावटीला दर वेळी ओटीपी विचारत नाहीत, त्यामुळे अडायला काहीच नाही. बंद करायला बसलो तर आधी बटण सापडेना. सापडल्यावर विचारलं, खरंच जाताय? मग एक रडका चेहरा. मग निम्म्या किमतीत राहता का? मग कारण सांगा. शेवटी सुनेने सांगितलं, मम्मी, ॲपच्या मागे लागू नका, तुमच्या यूपीआयमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते तिथून थेट बंद करा. अर्ध्या मिनिटात झालं. तुम्हीही आज ती जागा उघडून बघा, आमच्या मंडळातल्या तिघींना तिथे ओळखीचं नसलेलं काहीतरी सापडलं.

सहज आत आणि बाहेर पडायला भुलभुलैया, ह्याला सरकारनेच सापळा म्हटलं आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अशा फसव्या रचनांची तेरा प्रकारांची यादी काढली, त्यात वर्गणीचा सापळा आहे. ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. हा नंबर मी फ्रिजवर लावला आहे.

पण सगळा दोष कंपन्यांवर टाकून मोकळं होता येत नाही, कारण ह्या यादीने आमच्या घरात एक छोटं वादळ झालं. मी यादीत नेटफ्लिक्सचे ५,९८८ लाल पेनाने लिहिले होते, सगळ्यात मोठा आकडा म्हणून. सुनेने ते बघितलं. दिवसभर काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "मम्मी, ते मी माझ्या पगारातून भरते. आणि घरात मी एकटीच माझ्या मर्जीने काही बघते ते रात्री दहानंतर, कानात हेडफोन घालून." मी गप्प झाले. खरं होतं. तिच्या वयाची असताना मी काय बघायचे? सासरे बातम्या लावतील त्या, मुलं लावतील ती कार्टून, आणि ह्यांचं क्रिकेट. रिमोट माझ्या हातात यायचा तो धूळ पुसताना. पुढे ती म्हणाली की चौघं मल्टिप्लेक्सला गेलो तर एका दुपारी दीड हजार जातात, त्यापेक्षा हे स्वस्तच आहे. तिच्या हिशेबात चूक नाही. तो आकडा मी दुसऱ्या दिवशी निळ्या पेनाने लिहिला, आणि घराच्या बेरजेतून वजाही केला. तिचा खर्च तिच्या वहीत.

नेटफ्लिक्सवरून आठवलं. आमची लेक नाशिकला असते, ती आमच्याच पासवर्डवर बघायची. २०२३ च्या जुलैपासून ते बंद झालं. एकाच घरातल्या माणसांनी बघायचं म्हणे. म्हणजे इन्कम टॅक्सच्या लेखी आमचं एच.यू.एफ. आहे, त्या कुटुंबात लेकही धरली जाते, पण नेटफ्लिक्सच्या लेखी कुटुंब म्हणजे एकाच वायफायखाली झोपणारी माणसं. कुणाची व्याख्या बरोबर हे मी आमच्या सीएला विचारणार आहे.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ते. दोन वर्षांपूर्वी मुलाने डिश काढून टाकली होती. म्हणाला, सगळं ॲपवर आहे, दुहेरी पैसे कशाला. मलाही पटलं, मीच हो म्हटलं. सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत. सकाळी नवकारशीनंतर त्या प्रवचनाचं चॅनल लावायच्या, आणि रात्री प्रतिक्रमण झालं की साडेआठला "ठरलं तर मग". दिसतं कमी, पण ऐकतात. चॅनलचे नंबर त्यांना पाठ होते, अंधारातही बरोबर बटण दाबायच्या. नव्या रिमोटला आकडेच नाहीत. गोल फिरवायचं, मग "कोण बघतंय?" असं विचारतो, मग नाव निवडा, मग शोधा. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा चुकून नातवाचं नाव दाबलं, एकदा माझ्या मुलाचं. त्यात काहीतरी मारामारीचं, शिव्यांचं लागलं. त्या घाबरून उठल्या, रिमोट सोफ्याच्या उशीखाली ठेवला.

त्यानंतर त्या टीव्ही लावतच नव्हत्या, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी खिडकीशी माळ घेऊन बसलेल्या दिसायच्या, मला वाटलं, वयानुसार मन धर्मात अधिक लागतंय. चांगलंच आहे. मी तर मैत्रिणींना कौतुकाने सांगतही होते! पावणेदोन महिन्यांनी शेजारच्या काकी आल्या आणि मालिकेतल्या सायलीबद्दल बोलायला लागल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला नाही माहीत गं आता. आमच्याकडे माझा टीव्ही बंद झालाय."

माझा टीव्ही. मी स्वयंपाकघरात उभी होते.

त्याच आठवड्यात डिश परत लावली. जोडणीचे पैसे पुन्हा गेले. म्हणून माझ्या यादीत ४,९२० आहेत, आणि मुलाने कितीही दुहेरी खर्च म्हटलं तरी ते तसेच राहतील. स्वस्त पर्याय होता. डीडी फ्री डिशला महिन्याचे काही पैसे नाहीत, सह्याद्री त्यावर दिसतं, पण त्यांची मालिका त्यावर नाही. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात वेव्हज नावाचं ॲप सुरू केलं, त्यात दूरदर्शनचं जुनं पुष्कळ काही फुकट बघायला मिळतं. मी ते घेतलंय, दुपारी लावते. सासूबाईंना मात्र ॲप नको, आकडा हवा.

यंदासाठी घरात ठरलं आहे ते असं. डिश आणि सुनेचं नेटफ्लिक्स सोडून एका वेळी एकच ॲप. ते संपलं की पुढचं. चातुर्मासात आपण हिरव्या भाज्यांचं, बाहेरच्या खाण्याचं परिमाण ठरवतो, तेव्हा कुणी मेलं नाही. तर चार महिने हास्यजत्रा नाही बघितली तर काय बिघडतं? ऑटोपे कशालाच नाही, दर वेळी हाताने भरायचं, म्हणजे भरताना हात थांबतो. वर्षाचं घेतलं तर स्वस्त पडतं असं मुलगा सांगतो. स्वस्त पडतं, खरंय. घाऊक तूरडाळही स्वस्त पडते, पण सहा महिन्यांनी तिला किडे होतात.

सरकारकडे माझी एकच मागणी आहे. २०१९ ला वाहिन्यांना जे लावलंत ते ॲपना लावा. एकट्या झी मराठीचे अमुक, एकट्या स्टार प्रवाहचे तमुक, असा सुटा दर छापा. आम्हाला दाक्षिणात्य मारधाड, कोरियन मालिका, परदेशी फुटबॉल नको असेल तर त्याचे पैसे आमच्याकडून का? आणि आत यायला जितकी बटणं, तितक्याच बटणांत बाहेर जाता आलं पाहिजे.

ह्यांनी सध्या जिओहॉटस्टारची बाजू लावून धरली आहे, क्रिकेटसाठीच ना. आमचं वर्ष ह्याच महिन्यात संपतंय. मी म्हटलं, डिशवर दिसतं तेवढं बघा. तर म्हणाले, डिशचा टीव्ही साडेआठला आईकडे असतो. मग म्हटलं, कसोटी सामना साडेआठपर्यंत चालत नाही, एवढं मलाही कळतं.